बुरुजाचे सव्वापाच फूट

आमच्या गावातल्या जुन्या चर्चचा आता फक्त मनोरा उरला आहे. गाव त्याला बुरूज म्हणतं. गेल्या दिवाळीत मी तो मोजला. पाया दहा फूट बाय दहा फूट, भिंतीची जाडी अडीच फूट, मधल्या निमुळत्या टोकापर्यंत उंची छत्तीस फूट नऊ इंच. गाव म्हसवडपासून तेरा किलोमीटरवर आहे आणि त्या तेरा किलोमीटरांत एवढं उंच दुसरं जुनं बांधकाम नाही.

चर्चची मुख्य इमारत मी पाहिलेली नाही. मिशनचे लोक निघून गेले, घंटा आणि छपराचं सागवान बैलगाड्यांतून मिरजेकडे गेलं, भिंतींचे दगड हळूहळू गावात पांगले. माझ्या लहानपणी तिथे गुडघाभर उंचीचा चौथरा होता, बावन्न फूट लांब आणि बावीस फूट रुंद. त्यावर आम्ही आट्यापाट्या खेळायचो. मनोऱ्याच्या पोटात वर जायला दगडी जिना होता. एकतीस पायऱ्या, त्यातल्या पहिल्या एकोणीस धड. विसाव्या पायरीला पुढे आभाळच दिसायचं. बाहेरच्या भिंतीत परांचीचे बांबू रोवण्यासाठी ठेवलेली चौकोनी भोकं तशीच राहिली होती आणि त्या प्रत्येक भोकात पोपटाचं एक बिऱ्हाड होतं. आत कबुतरांच्या विष्ठेचा आणि जुन्या चुन्याचा वास यायचा. एप्रिलमध्ये सारं गाव तापलेलं असताना तिथे मात्र गारवा असायचा. दहावीचा अभ्यास मी तिथेच केला. ऊन उतरल्यावर बाहेर बसायला चौथऱ्याशेजारी एक लांबट घडीव दगड आडवा पडलेला होता, एका बाजूला हात असलेला, दुसऱ्या बाजूचा हात तुटलेला. तो मनोऱ्याच्या टोकावरचा क्रूस होता. माझ्या जन्माच्या आधी, कोयनेच्या मोठ्या भूकंपात तो खाली आला. गावातली दोन घरं पडली, तीन गुरं गेली. त्या गडबडीत क्रूस कुणी उचलला नाही, तो तिथेच राहिला.

या बुरुजाचं गावाला एक काम होतं. ओढ्यावरच्या बंधाऱ्यातून निघणाऱ्या पाटाचं पाणी आमच्या बाजूला दोन घरांत वाटलं जायचं. आमची तीन एकर, शेजारची एक एकर. पाळी चौथ्या दिवशी यायची. सूर्य उगवल्यापासून पाणी आमचं आणि दुपारी बुरुजाची सावली ठरलेल्या दगडांना लागली की ते शेजाऱ्याचं, दिवस मावळेपर्यंत. बुरुजाच्या पूर्वेला उत्तर-दक्षिण ओळीत अकरा दगड पुरलेले होते. सूर्य वर्षभर एका जागी मावळत नाही, म्हणून ओळ लांब होती. सावलीचं टोक कुठल्याही दगडाला टेकलं तरी चालायचं. घड्याळं आली तरी ही रीत मोडली नाही. माझे चुलते म्हणायचे, "घड्याळ कुनीबी फुडं-मागं करतंय. बुरूज हलवून दाखव म्हनावं."

शेजारची एक एकर जमीन ज्यांची, त्यांना सगळं गाव फौजी म्हणायचं. मी फौजीकाका म्हणायचो. गावातलं ते शेवटचं ख्रिस्ती घर. सैन्यातून निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी वडिलांची शेती हातात घेतली. बुटाला पॉलिश करून शेतात जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बांधावर आले की बूट काढून, मोजे आत घालून, दोन्ही एका रेषेत ठेवायचे. मला नीटनेटकेपणाची पहिली गोडी त्यांच्या बुटांनी लावली. चर्चच्या मागे भिंतीच्या आत नऊ थडगी होती, त्यांतली दोन त्यांच्या आईवडिलांची. दर रविवारी सकाळी ते तिथलं गवत काढायचे आणि मग भिंतीवर बसून एकटेच, हलक्या आवाजात गाणं म्हणायचे. मी बुरुजाच्या बाराव्या पायरीवर पुस्तक घेऊन ऐकत असायचो. त्यांना ते माहीत होतं. कधी गाणं संपल्यावर विचारायचे, "भूगोल झाला का गणित?"

मी अठरा वर्षांचा असताना सांगलीत स्थापत्यशास्त्राच्या डिप्लोमाला होतो, पहिल्या वर्षाला. त्या हिवाळ्यात म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला सारं गाव गेलं होतं. दुसऱ्या दिवशी पाळी होती. चुलते पाटावर उभे होते आणि सावली दगडांना लागली तेव्हा ते म्हणाले, "एवढ्या लवकर?" मी जवळ जाऊन पाहिलं. दगडांच्या ओळीमागे अकरा ताजे बुजवलेले खड्डे होते. दगड कुणीतरी बुरुजाच्या दिशेने आत घेतले होते.

माझ्याकडे नवी कोरी टेप होती. पन्नास फुटांची, पिवळ्या कातडी डबीतली. मी प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक दगड मोजला.

संध्याकाळी चावडीत बैठक बसली. वीसेक माणसं होती. चुलत्यांनीच विचारलं, "फौजी, दगडं तू हलवलीस?"

"व्हय. मीच."

"कशापायी?"

"पानी कमी पडतंय माजं. बाप चोवीस वाफं भिजवायचा, माजं बावीस भिजत्यात. क्रूस पडल्यापासनं कमी पडतंय."

चुलते मोठ्यानं हसले. "आयला, ह्याचा देव खाली आला आन् पानी वर गेलं!"

मग सगळेच हसले. "आरं, देवाचं न्हाई म्हनत मी," फौजीकाका सांगू लागले, पण पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. कुणीतरी ओरडलं, "मग सैतानानं प्यालं का पानी?" पुन्हा हशा. ते थांबले, हशा ओसरेपर्यंत ताठ उभे राहिले आणि मग माझ्याकडे वळले.

"तू शिकतोयस न्हवं? तू सांग ह्यास्नी."

मी उभा राहिलो. आवाज चढवून सांगितलं, "सहा फूट. अकराच्या अकरा दगड सहा फूट आत घेतलेत. एकातही इंचाचा फरक नाही."

"झालं?" चुलते म्हणाले. "पोरानं मोजलंय."

ते मला काय सांगायला सांगत होते आणि मी काय सांगितलं, याचा विचार मी त्या वेळी केला नाही. माझं माप बरोबर आलं याचाच मला आनंद होता. बैठकीत ठरलं की फौजीनं सर्वांदेखत दगड परत जागेवर लावायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते एकेक करून उचलले. टेपचं एक टोक मी धरलं होतं. प्रत्येक दगड ठेवल्यावर ते माझ्याकडे बघायचे आणि मी आकडा सांगायचो. अकरा वेळा. शेवटचा दगड ठेवून झाल्यावर त्यांनी हात झटकले, बांधावरचे बूट घातले आणि घरी गेले.

त्या उन्हाळ्यात त्यांनी जमीन विकली आणि ते मिरजेला राहायला गेले. गावात पुन्हा आले नाहीत. त्यांच्या मुलीला मी एकदोनदा थडग्यांवर फुलं घालताना पाहिलं, पण तेव्हाही ते बरोबर नव्हते. गावात मात्र "फौजीचं दगड" हे बोलण्यात रुळलं. कुणी बांध कोरला, कुणी रांगेत पुढे घुसलं, की लोक म्हणायचे, "फौजीचं दगड हाय ह्ये." ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही तेही म्हणायचे. पुढे विजेच्या मोटरी आल्या, बंधारा गाळानं भरला, सावलीची पाळी बंद पडली.

माझा पोटापाण्याचा धंदाच मोजमापाचा झाला. सांगलीत घर केलं, मुलं मोठी झाली. गावाकडे जाणं दिवाळी आणि जत्रेपुरतं. गेल्या दिवाळीत शाळेतल्या एका शिक्षकांनी मला गाठलं. बुरुजाजवळ माहितीचा फलक लावायचा होता. "तुम्ही एवढी मापं काढता, आमच्या बुरुजाची उंची तेवढी द्या," ते म्हणाले.

मी लेसर मीटर नेला होता. आकडा आला छत्तीस फूट नऊ इंच. माझी सवय अशी की एका पद्धतीनं आलेला आकडा दुसऱ्या पद्धतीनं तपासल्याशिवाय लिहायचा नाही. म्हणून पाच फुटांची काठी उन्हात उभी केली, तिची सावली मोजली, बुरुजाची सावली मोजली आणि त्रैराशिक मांडलं. छत्तीस फूट नऊ इंचच आले. शिक्षक म्हणाले, "वा! सावलीनं उंची कळते म्हणायची."

मी वही मिटली नाही. जुन्या अकरा दगडांपैकी चार अजून जागेवर होते. मनोऱ्याच्या मध्यापासून त्यांचं अंतर मोजलं: अठ्ठेचाळीस फूट. मग गवतात गेलो आणि ज्या दगडावर बसून मी दहावीचा अभ्यास केला होता तो मोजला. एकूण सहा फूट. त्यात नऊ इंचांची खुंटी, जी वरच्या खाचेत बसायची. उरले सव्वापाच फूट. छत्तीस फूट नऊ इंचांत सव्वापाच फूट मिळवले तर बरोबर बेचाळीस होतात.

बुरूज बेचाळीस फूट असताना कुणीतरी अठ्ठेचाळीस फुटांवर दगड पुरले होते. भूकंपात बुरूज सव्वापाच फुटांनी बुटका झाला. सावली तेवढ्या प्रमाणात आखूड झाली. म्हणजे तीच वेळ साधायची तर दगड आत घ्यायला हवे होते. किती आत? अठ्ठेचाळीस गुणिले छत्तीस पूर्णांक तीन चतुर्थांश, भागिले बेचाळीस. उत्तर बेचाळीस फूट. अठ्ठेचाळीस वजा बेचाळीस, सहा.

मी त्या क्रुसावरच खाली बसलो. शिक्षकांनी विचारलं, "चक्कर आली का?"

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गणितात चूक नाही ना?" मला तिची हीच गोष्ट आवडते. म्हणून डिसेंबरात रथाच्या सुमारास पुन्हा गावी गेलो. बेचाळीस फुटांवर एक खुंटी ठोकली आणि घड्याळ घेऊन बसलो. सावलीचं टोक खुंटीच्या रेषेला पोचलं तीन वाजून सोळा मिनिटांनी. जुन्या दगडांना पोचलं साडेतीनला. चौदा मिनिटं. दर पाळीला चौदा मिनिटं पाणी आमच्याकडे जास्त आलं आणि त्यांच्याकडे कमी गेलं. हंगामाच्या पंचवीस पाळ्या धरल्या तर साडेतीनशे मिनिटं. भूकंपापासून त्या बैठकीपर्यंतची वीस-एक वर्षं धरली तर जवळजवळ एकशे सतरा तास. त्यांच्या दिवस मावळेपर्यंतच्या वेळेत चौदा मिनिटं म्हणजे चोवीस वाफ्यांमधले दोन.

मी जमीन इंचापर्यंत मोजली होती. उंची मोजलीच नव्हती. आणि डिप्लोमाच्या पहिल्या सहामाहीत आम्हाला काठीच्या सावलीनं झाडाची उंची काढायला शिकवलेलं होतं.

मिरजेचा पत्ता त्यांच्या मुलीकडून मिळाला. मी तिथे गेलो तेव्हा तिनंच दार उघडलं आणि हळूच म्हणाली, "गावाचं नाव काढलं की पप्पा गप्प होतात. जपून बोला." फौजीकाका बाजेवर बसले होते. ऐंशी उलटलेली, अंग वाळलेलं, पाठ मात्र ताठ. मला पाहून त्यांनी डोळे बारीक केले.

"टेपवाला," ते म्हणाले.

मी वही उघडली, आकृती काढली, आकडे सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "लय येळ लावलास गड्या."

"व्हय काका."

"मी तवाच सांगितलं हुतं. क्रूस पडल्यापासनं."

"तुम्ही सांगितलं होतं. आम्हाला वाटलं, तुम्ही देवाचं बोलताय."

"देवाचं मी रविवारी बोलायचो. ती बैठक मंगळवारी हुती." ते थोडं हसले. "सहा फूट म्हनालास तू. मीबी सावली मोजूनच सहा काढलं हुतं. माप चुकलं न्हवतं तुजं."

"बरोबर होतं, पण अर्धं होतं. मला माफ करा काका."

त्यांनी हात हलवला. "माफी घरात येऊन मागायची आन् चोर चावडीत ठरवायचा, आसं कसं? तितं म्हनालास, तितंच म्हन."

मी म्हणालो, "त्या बैठकीतली तीनच माणसं आता आहेत."

"मग तिघांस्नी सांग."

"पप्पा, आता कशाला?" मुलगी म्हणाली.

"आईबापाच्या मातीवर जायाचंय मला," ते तिला म्हणाले. "चोर म्हनून न्हाई जायाचं."

एवढं म्हणून ते खिडकीकडे वळले. मी निघालो.

तिघांमधले पहिले पिठाच्या गिरणीचे मालक. नव्वदीत आहेत. त्यांना बैठक आठवत नव्हती, फौजी आठवत होते. "बूट लय झ्याक असायचं त्येचं," म्हणाले. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या डोक्यात किती गेलं ते मला सांगता येणार नाही.

दुसरे निवृत्त पोलीस पाटील. ते चिडले. "तुजा बाप जिता न्हाई म्हनून बोलतोयस? आपल्याच घराला चोर ठरवतोयस?" मी म्हणालो, मी कुणाला चोर ठरवत नाही, उलट एक चोर कमी करतोय. त्यांनी आकृती पाहिली नाही. चहा मात्र पाजला.

तिसरे माझे चुलते. त्यांच्याकडे मी मुद्दाम शेवटी गेलो. खरं सांगायचं तर धीर होत नव्हता. वडिलांच्या मागं त्यांनीच मला वाढवलं, डिप्लोमाला घातलं, ती पिवळी टेपही त्यांनीच घेऊन दिली होती. बैठकीतला पहिला हशाही त्यांचाच होता. मी त्यांना बुरुजाजवळ घेऊन गेलो. ते काठी टेकत आले. क्रूस दाखवला, खुंटी दाखवली, दगड दाखवले. दुपार होती. आम्ही दोघं चौथऱ्यावर बसून राहिलो. सावली खुंटीला लागली तेव्हा मी वेळ सांगितली. दगडांना लागली तेव्हा पुन्हा सांगितली.

त्यांनी खुंटीपासून दगडापर्यंत नजर नेली. मग म्हणाले, "म्हंजी पानी आपन चोरलं."

"चोरलं नाही अण्णा. कुणाला कळलंच नाही."

"त्येला कळलं हुतं की."

पोपट भोकांतून आत-बाहेर करत होते. चुलते काठीनं गवत बाजूला सारत होते.

"पयला मी हसलो," ते म्हणाले. "मी हसलो नसतो तर कुनी हसलं नसतं. फोन हाय का त्येचा तुज्याकडं?"

मी नंबर लावून दिला आणि बाजूला झालो. दुरून ऐकू येत होतं, पण पहिली काही वाक्यं दोघांच्याही तोंडून नीट येत नव्हती. नंतर चुलते मोठ्यानं म्हणाले, "आरं, तुजं न्हाई म्हननं मला मान्य न्हाई. तू ये. एस्टीनं ये, न्हाईतर मी न्यायला येतो." आणि फोन माझ्या हातात देत, "हे बंद कसं करायचं?"

फलकावर मी शिक्षकांना दोन्ही आकडे लिहायला लावले: सध्याची उंची छत्तीस फूट नऊ इंच, मूळची बेचाळीस फूट. त्यांनी फरकाचं कारण विचारलं. मी सांगितलं आणि पाणीवाटपाची हकिगतही सांगितली. ती त्यांनी पाचवी ते सातवीच्या वर्गांना सांगितल्याचं नंतर कळलं.

जानेवारीतल्या एका रविवारी ते आले. एस्टी नऊ वाजून दहा मिनिटांची होती. चुलते आठ वाजल्यापासून थांब्यावर उभे होते. मी खुर्ची आणली तर बसले नाहीत. गाडी आली, मुलगी आधी उतरली, मागोमाग फौजीकाका. बूट तसेच चकचकीत. शेवटची पायरी उंच होती. चुलत्यांनी हात पुढे केला. फौजीकाकांनी क्षणभर त्या हाताकडे पाहिलं आणि धरला.

"आलास व्हय."

"आलो. म्हातारा झालास की रं."

"तू काय पोरगा हायस? चल, हळू."

दोघं पुढे चालले, मी आणि त्यांची मुलगी मागे. दुकानापाशी बसलेली दोन-चार माणसं उठून उभी राहिली. त्यांतल्या एकानं नमस्कार केला. फौजीकाकांनी फौजी पद्धतीनं हात कपाळाला लावला. बुरुजाजवळ ते थांबले, मान वर करून टोक पाहिलं. तिथून थडग्यांच्या भिंतीपर्यंत पस्तीस पावलं आहेत. माझे चुलते त्या भिंतीच्या आत आयुष्यात कधी गेले नव्हते. फाटकाशी त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या.

"काटं हायती आत," फौजीकाका म्हणाले. "घाल पायात."

चुलते तसेच आत गेले.